कमळाच्या खांबापाशी

३ मार्च

पोचले, कामाला लागले आणि पहिल्याच दिवशी हरवले!

बँकॉकचं हे नवं स्टेशन म्हणजे छप्पर घातलेलं गावच आहे. खाली गाड्या, वर गाड्या, त्याच्याही वर गाड्या. मधल्या दालनात आमच्या लाम प्लाय मात गावचा अख्खा बाजार मांडला तरी जागा उरेल. सकाळी संडासाला म्हणून गेले, ती परत येताना भलत्याच मजल्यावर निघाले. छातीवर पिवळा पट्टा, त्यावर ठळक अक्षरांत ‘मला विचारा’, आणि मीच एका झाडूवाल्याला विचारतेय, दादा, चौकशीची खिडकी कुठं हो? तो बिचारा हसू दाबत मला सोडायला आला.

लमियातताई आमच्या मुख्य. पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, तोंडानं फटकळ. म्हणाल्या, बरं झालं हरवलीस, हरवलेल्या माणसाच्या पोटात काय कालवतं ते तरी कळलं. मग त्यांनी कामाची रीत सांगितली. पुढं चालताना वळण तोंडानं सांगत जायचं. आता डावीकडं, आता सरकता जिना, आता दार. लोकांचे डोळे सामानावर असतात, ते कानानं मागं येतात. आणि फोनवर कुणी म्हणालं की हरवलोय, तर एकच उत्तर द्यायचं: तिथंच उभे राहा, हलू नका, मी येते. मग मात्र आपणच जायचं, हात धरून आणायचं. दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही, कारण उभा राहिलेला माणूस सांगणाऱ्याचीच वाट बघत असतो.

संध्याकाळी आईला फोन केला. हसून हसून तिला ठसका लागला. म्हणाली, अगं दुआन, लहानपणी देवळाच्या जत्रेत हरवून नारळवाल्याच्या गाडीखाली झोपलेली सापडलीस तू, आणि तुला रस्ता दाखवायला ठेवलंय? राजधानीचं काही खरं नाही बाई! मागून माझी खाओहोम ओरडत होती, आई, मला एक रेल्वे आण. सहा वर्षांची आहे, तिला वाटतं रेल्वे पिशवीत मावते.

फोन ठेवल्यावर थोडं रडले. खोली छोटी आहे, पण खिडकीतून रूळ दिसतात.

१० मार्च

आता मला डोळे बांधून सोडा, कुठल्याही फलाटावर नेते. लमियातताईसुद्धा काल म्हणाल्या, बरी आहेस तू. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे हारतुरेच.

एक फजितीही झाली. एका आजोबांचा फोन आला, खाली पार्किंगमध्ये अडकलेत. नेहमीचं सांगितलं, उभे राहा, हलू नका. तेवढ्यात एका बाईचा फणस सरकत्या जिन्यावरून गडगडत खाली गेला, त्या गोंधळात आजोबा डोक्यातून साफ गेले. आठवण झाली तेव्हा जेवणाची वेळ उलटली होती. धावत गेले, तर आजोबा तिथंच, दोन्ही पाय जुळवून, पिशवी हातात धरून उभे! शेजारी बाकडं रिकामं. मी म्हटलं, आजोबा, बसायचं तरी होतं. तर म्हणाले, पोरी, तूच म्हणालीस ना हलू नका. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हात धरून आणलं, बर्फाची कॉफी पाजली.

आई येणार आहे! सोंगक्रानला, नव्या वर्षाला, सगळं शहर गावी निघतं आणि आम्हाला नेमकी तेव्हाच रजा नाही. म्हणून सणाआधी तीच येते म्हणाली. जन्मात बँकॉक पाहिलेलं नाही तिनं. पोरीला मावशीकडे ठेवणार. आईला अक्षरओळख नाही, म्हणून आज सुट्टीत तिच्यासाठी खुणा शोधत फिरले. तिची गाडी लागते त्या फलाटावर एका खांबावर मोठं गुलाबी कमळ रंगवलंय. फोनवर सांगितलं, उतरलीस की कमळाच्या खांबापाशी ये, बाकी माझ्यावर सोड. म्हणाली, कमळ ना? तेवढं येतं मला ओळखता.

तिला हे सगळं दाखवायचंय. आपली पोरगी एवढ्या मोठ्या जागेत कशी तरंगत चालते ते बघू दे तिला एकदा.

१८ मार्च

आज एक कुटुंब आलं होतं, खामपुन आजींना न्यायला.

आजी गेल्या आठवड्यात सातव्या फलाटावर बाकावर बसल्या बसल्या गेल्या. पान चघळत होत्या म्हणे, कुणाला कळलंसुद्धा नाही. देह तेव्हाच गावी नेला. आज मुलगा आणि सून भिक्षूंना घेऊन आले, आजींचा जीव न्यायला. बाकापाशी फोटो ठेवला, उदबत्ती लावली. मुलगा हाक मारायला लागला, आई खामपुन, चल, घरी चल. आणि पहिल्या वळणापाशीच गडबडला. जीव घरी नेताना प्रत्येक वळण, प्रत्येक पूल तोंडानं सांगायचा असतो, नाही तर माणूस मागं राहतो. पण त्याला बिचाऱ्याला वळणंच माहीत नाहीत! हा जिना की तो, हे दार की ते. हातात उदबत्ती, डोळ्यांतून धारा, आणि लोक सामान घेऊन अंगावर येतायत.

मला राहवलं नाही. म्हटलं, दादा, माझ्या मागं या. मी पुढं झाले. आता डावीकडं. आता जिना, जपून. आता काचेचं दार. तो हुंदके देत नुसता चालत होता. दारात गाडीत बसवलं, हात जोडले.

डबा खाताना लमियातताईंना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, कानात सांगायचं होतंस गं त्याच्या! त्यानं बोलायला हवं होतं. वळण जो सांगतो त्याच्याच मागं येतात ते. मी म्हटलं, ताई, उगाच नका घाबरवू. तर डबा अर्धाच मिटून उठल्या. त्या जेवण टाकून उठल्या की मला भीती वाटते.

२४ मार्च

काचेची दारं आपोआप उघडतात, माणूस गेलं की मिटतात. माझ्यामागं लगेच मिटत नाहीत.

आधी वाटलं दार बिघडलंय. मग सगळीच दारं तशी. मी पुढं जाते, आणि दार उघडंच राहतं, कुणीतरी म्हातारं माणूस सावकाश आत येईपर्यंत राहावं तेवढं. मग मिटतं. लांबच्या कोपऱ्यातले सरकते जिने पाय पडला की चालू होतात. मी वर पोचले, जिना थांबला, आणि मागं वळले तर पुन्हा चालू झाला. रिकामाच. भर दुपारी, एवढ्या उजेडात.

पानाचा वास येतो. चुन्याचा, कोवळ्या सुपारीचा. माझ्या खांद्यामागं.

आज एका मुलीला गाडीपर्यंत सोडलं. जाताना म्हणाली, ताई, तुमच्या आईंना जरा बसू द्या ना, दमल्यात त्या. मी म्हटलं, माझी आई गावाला आहे. तिनं माझ्यामागं बघितलं आणि घाईनं डब्यात चढली.

आईला यातलं काही सांगितलं नाही. ती सुकी मासळी आणि चिकट तांदूळ बांधतेय. म्हटलं, ओझं आणू नकोस. म्हणाली, तुझ्या राजधानीत तांदूळ मिळतो, माझ्या हातचा मिळतो का?

३० मार्च

खामपुन आजींचा मुलगा परत आला. आजी घरी पोचल्याच नाहीत. सुनेच्या स्वप्नात येतात, जिन्यांच्या मध्ये उभ्या असतात आणि विचारतात, ती पिवळ्या पट्ट्याची पोरगी कुठाय?

मी त्याच्या पाया पडले. तो भला माणूस, म्हणाला, ताई, तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलंत. या वेळी सगळी वळणं मी त्याला आधी शिकवली आणि स्वतः लमियातताईंच्या खोलीत तोंडावर हात ठेवून बसले. तो हाका मारत गेला. दाराआडून ऐकू येत होतं. आई, डावीकडं वळतोय. आई, जिना आला. आई, ऐकतेयस ना.

तो गेल्यावर बाहेर आले, पहिल्या दारातून गेले. दार उघडंच राहिलं. आधी राहायचं त्यापेक्षाही जास्त वेळ.

लमियातताईंनी बघितलं. मला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाल्या, इथं फक्त खामपुन आजी नाहीत गं. एवढी माणसं येतात. कुणाचा जीव रुळावर गेला, कुणाचा बाकावर, कुणाचा इथं गाडीला बसून पुढं कुठंतरी. किती जणांना न्यायला कुणी आलंच नाही. ते सगळे घरचा रस्ता कोण सांगतंय म्हणून कान लावून असतात. आणि तू दिवसभर सांगतेस.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली पण. पण आधी रडूच आलं.

रजा मागितली. आई आली की तिच्याबरोबरच गावी जाणार. नको ही नोकरी.

५ एप्रिल

आई उद्या दुपारच्या गाडीनं येतेय. आता मी पट्टा काढून ठेवलाय, वळणं सांगत नाही, नुसतं बोट दाखवते. लोक चिडतात. चिडू देत.

मागं आता वासच वास येतात. पान, घाम, औषध, कुणाच्या तरी बाळाची पावडर.

उद्या आईला घेते आणि त्याच संध्याकाळी परतीची गाडी पकडते. तिला शहर बघायचं होतं. पुन्हा कधीतरी दाखवीन.

६ एप्रिल

आई गेली.

लिहिते. नाही लिहिलं तर वेड लागेल.

फोन आला, मी खिडकीवर होते. म्हणाली, दुआन, उतरले गं, पण किती माणसं ही! तुझं कमळ दिसतंय मला. आवाज आनंदी होता. मी म्हटलं, आई, कमळापाशीच उभी राहा, हलू नकोस, मी येते.

तेच वाक्य. रोजचं. तोंडात बसलेलं.

लवकर पोचावं म्हणून लिफ्टमध्ये शिरले. एकटीच. दार मिटलं नाही, आणि वरचा लाल दिवा लागला. वजन जास्त. भोंगा वाजायला लागला. मी एकटी! बाहेर आले, भोंगा बंद झाला नाही. ओरडले, उतरा, उतरा सगळे, माझी आई आलीय! लोक बघायला लागले. मग जिन्यानं धावले. सगळी गर्दी उलटी अंगावर येत होती, पोचायला कितीतरी वेळ गेला.

वर पोचले तर कमळाच्या खांबाभोवती माणसांचं कडं. फलाटाच्या त्या टोकाला छप्पर नाही, भट्टी पेटल्यासारखं ऊन. आई जमिनीवर. तांदळाची पिशवी अजून हाताच्या मुठीत. पाणीवाली बाई म्हणाली, मी सांगत होते आजींना, सावलीत बाकावर बसा म्हणून. तर म्हणाल्या, नको गं, लेक म्हणालीय इथंच उभी राहा.

खाली उपचाराच्या खोलीत नेलं. तिथं डोळे मिटले. माझा हात तिच्या हातात होता की नव्हता, आठवत नाही.

७ एप्रिल, सकाळ

लमियातताईंनी भिक्षूंना आणलं. शेवटचा श्वास जिथं, तिथूनच बोलवायचं असतं, म्हणून खालच्या त्या खोलीतूनच. ताईंनी बजावलं, पूर्ण नावानं हाक मार, फक्त तिला. घरचा उंबरा येईपर्यंत बोलणं थांबवू नकोस.

आई थोंगबाय, चल. घरी चल. दार आलं. उजवीकडं वळतोय, आई.

खोलीतून सरळ बाहेरच्या दारापर्यंत. प्रत्येक दार कितीतरी वेळ उघडं राहिलं. मला वाटलं, आईचे गुडघे दुखतात, ती हळूच चालणार.

आता गाडीत. मागं आईची शवपेटी, पुढं भिक्षू आणि चालक. मध्ये मी.

रडून रडून घसा बसलाय. आवाज फुटत नाही. भिक्षू म्हणाले, मनापासून लिही बाळ, ती ऐकेल. तिला वाचता येत नाही, म्हटलं. तर म्हणाले, आता येईल.

आई, शहर सोडलं. कालव्याचा पूल. धरून बस.

आई, मोठा रस्ता, सरळ.

आई, नदीचा पूल.

घाट सुरू झाला. गाडी चढेना. चालक खाली उतरून चाकं बघून आला. म्हणाला, ताई, पेटीशिवाय मागं काय पोती भरलीत का हो? गाडी बसलीय नुसती.

मी मागं बघत नाही. आई, तू आहेस ना त्यात? असूदेत बाकीचे. तू आहेस ना?

धरणाचं पाणी दिसलं, आई. तुला गाडीतून येताना दिसलं असेल.

कोराट शहर आलं. डावीकडं वळण.

आई, ही आपली नदी. आपला पूल. आलोच.

७ एप्रिल, संध्याकाळ

घर. पेटी ओसरीवर ठेवली. भिक्षू आणि पुरुषमाणसं देवळात गेलीत तयारीला. मावशी स्वयंपाकात. गावातलं अजून कुणी आलेलं नाही. उजेड आहे अजून.

उंबऱ्यावर मी कुजबुजले, आई, घर आलं, पायरी चढ, आत ये.

खाओहोम धावत आली. मला मिठी मारली. मग माझ्या मागं बघितलं, आणि हात जोडून मान लववली. मोठ्या माणसाला करतात तशी. पुन्हा लववली. पुन्हा. थांबेचना. आईनंच शिकवलंय तिला, मोठं माणूस दिसलं की हात जोडायचे, एकालाही सोडायचं नाही.

आणि दाराशी कुणी आलं की काय म्हणायचं, तेही आईनंच शिकवलंय. तेच म्हणाली. या ना, भात खायला या.

मी तिचं तोंड दाबायला हवं होतं.

चटई अंथरलीय तिनं. ताटल्या मांडतेय. मांडतेच आहे. घरातल्या संपल्या, आता केळीची पानं आणतेय. पानाचा वास, औषधाचा वास, पावडरीचा वास, सगळं घर भरलंय. मावशी आतून ओरडतेय, पोरी, एवढ्या कुणाला?

खाओहोम मला विचारतेय, आई, आजीचं ताट कुठं मांडू?

म्हटलं, तुझ्या शेजारी मांड.

ती चटईभर बघते. मान हलवते. म्हणते, पण आजी नाही आली.

बघ नीट, म्हटलं. पुन्हा बघ, सोन्या.

ती कुणाचं तरी ऐकते. चटईच्या टोकाला कान करून. मग मला सांगते, ही पान खाणारी आजी म्हणते, आपली आजी आलीच नाही. ती तिकडं कमळाच्या खांबापाशी उभी आहे. सगळे निघाले तेव्हा ही तिला म्हणाली, चल. तर ती म्हणाली, नको, लेकीनं सांगितलंय हलू नकोस, ती येणार आहे.

मी खालच्या खोलीतून हाक मारली. मी खांबापाशी गेलेच नाही. हात धरून आणायचं असतं, ताईंनी पहिल्याच दिवशी —

आई, मी आत्ता निघते. रात्रीची गाडी आहे. मी —

खाओहोम उठलीय. म्हणते, आई, हे म्हणतात, पोट भरलं, आता आम्हाला आमच्या घरी कोण सोडणार? मी म्हटलं, मी सोडते. ती दारात उभी राहून बोट दाखवतेय. या, इकडून डावीकडं, पायरी आहे, जपून —

गप्प बस पोरी, बोलू नकोस, वळण सांगू नकोस — माझा आवाज निघत नाही, आवाज निघत नाही —

ती फाटकापाशी पोचली. बोलत चाललीय. पुढं तळं आहे.

आई, मला आधी हिच्यामागं जायला हवं. आई, तू ऐकतेयस ना? तिथंच उभी राहा. हलू नकोस. मी ये —